पच्चैयप्पा मुदलियार आणि विद्येचे मोल

इ.स. १८४१ च्या एप्रिल महिन्यात मद्रासच्या एगमूर भागात एक सरकारी हायस्कूल सुरू झाले. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज म्हणून जी संस्था नावारूपाला आली तिचे हे मूळ होय. केंब्रिजमध्ये गणिताचे अध्ययन केलेले एअर बर्टन पॉवेल हे तिचे प्रमुख होते, आणि तिला आश्रय देणारे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हे आपल्या मुंबई इलाख्याच्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचे पुतणे होते. हे लॉर्ड एल्फिन्स्टन पुढे १८५३ मध्ये स्वतःही मुंबईचे गव्हर्नर झाले. अशी शाळा हवी म्हणून दोन वर्षे आधी, १८३९ मध्ये, मद्रासच्या सुमारे ७०,००० रहिवाशांनी सह्या केलेला अर्ज सरकारकडे गेला होता. एवढ्या मोठ्या मागणीतून जन्मलेल्या शाळेत मुले मात्र त्या मानाने थोडीच आली. याचे एक कारण अगदी साधे होते. शाळेची फी दरमहा चार रुपये होती, आणि त्या काळी सामान्य मजुराची महिन्याची कमाई याहून फारशी अधिक नव्हती. अर्जावर सही करणे आणि महिन्याच्या महिन्याला चार रुपये मोजणे यांतील अंतर सरकारने ध्यानात घेतले नव्हते.

पुढे नऊ महिन्यांच्या आतच, १ जानेवारी १८४२ रोजी, याच शहराच्या ब्लॅक टाउन भागात दुसरी एक शाळा उघडली. तेथे गरीब हिंदू मुलांना इंग्रजी, तमिळ आणि तेलुगू या भाषा व प्राथमिक शास्त्रे विनाशुल्क शिकविली जाणार होती. या शाळेचा खर्च ज्यांच्या द्रव्यातून होत होता ते पच्चैयप्पा मुदलियार तिच्या स्थापनेच्या ४८ वर्षे आधीच वारले होते. इंग्रजी शाळा काढा, असे त्यांनी कोणास सांगितलेले नव्हते. तरीही दक्षिण भारतातील बिगर-मिशनरी, बिगर-सरकारी इंग्रजी शिक्षणाचा इतिहास त्यांच्याच नावाने सुरू होतो. हे कसे घडले हे समजून घ्यावयाचे तर त्यांच्या चरित्राकडे वळावे लागते. मराठी वाचकाला त्यात आणखी एक कारणाने रस वाटावा. त्या चरित्राचा उत्तरार्ध तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात घडला आहे.

पच्चैयप्पांचा जन्म १७५४ मध्ये मद्रासच्या वायव्येस असलेल्या पेरियपाळैयम् या गावी झाला. घराणे मूळचे कांचीपुरमचे. मुलगा जन्मण्यापूर्वीच वडील विश्वनाथ मुदलियार निवर्तले होते. विधवा आई मुलांना घेऊन परक्याच्या आश्रयाने दिवस काढीत होती, आणि तोही आधार सुटल्यावर ती मद्रासला आली. शहराची त्या वेळची अवस्था मोठी विलक्षण होती. १७५८-५९ मधील फ्रेंचांचा वेढा नुकताच उठलेला, किल्ल्याबाहेरची वस्ती उद्ध्वस्त झालेली. आणि तरीही सगळ्या कर्नाटकातून माणसे तेथे येऊन धडकत होती, कारण पैसा तेथे होता. या मायलेकरांना आधार मिळाला तो नारायण पिळ्ळै नावाच्या एका दुबाशाचा. पावनी या इंग्रज व्यापारी घराण्याचे ते काम पाहत.

‘दुबाश’ हा शब्द येथे नीट समजून घेतला पाहिजे. मुंबईच्या दुभाष आणि कारवारकडच्या दुभाषी या आडनावांतून तो आपल्याला ओळखीचा असला, तरी मद्रासचा दुबाश हा नुसता दोन भाषा जाणणारा नव्हता. साहेबाचा माल तो विकत घेई आणि विकी. साहेबाला भांडवल उसने देई. साहेबाच्या वतीने जामीन राही. देशी सत्ताधाऱ्यांशी बोलणी करी. आणि या प्रत्येक व्यवहारात स्वतःची दलाली राखून ठेवी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीचे कित्येक नोकर आपल्या दुबाशांचे ऋणको होते. मालक कोण आणि नोकर कोण, हे वहीत पाहिल्याखेरीज सांगता आले नसते.

नारायण पिळ्ळै यांनी या मुलाला आपल्या घरी शिकविले. त्या काळी इंग्रजी शिकण्यासाठी देशी मुलांना जावे अशी शाळा मद्रासेत जवळजवळ नव्हतीच. ओसरीवरच्या शाळेत, ज्यांना तमिळमध्ये ‘तिण्णै’ शाळा म्हणतात, अक्षरओळख, हिशेब आणि स्तोत्रे शिकावी. नंतर एखाद्या दुबाशाच्या पेढीवर उमेदवारी करावी. तेथे पत्रे नकलून इंग्रजी, आणि व्यवहार पाहून व्यापार आत्मसात करावा, असा क्रम होता. याला फी नव्हती, पण ते फुकटही नव्हते. शिकणारा आश्रयदात्याचा बांधील होई, त्याच्या घरातील कामे करी, त्याच्या शब्दाबाहेर जाऊ शकत नसे. पच्चैयप्पांच्या बाबतीत हा ऋणानुबंध सुदैवाने मायेचा ठरला आणि जन्मभर टिकला. आपल्या अखेरच्या इच्छा कोणावर सोपवाव्यात, असा प्रश्न आला तेव्हाही त्यांना नारायण पिळ्ळैच आठवले. परंतु ज्या मुलांना असा नारायण पिळ्ळै भेटला नाही त्यांची चरित्रे कोणी लिहिलेली नाहीत.

वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास पच्चैयप्पा स्वतंत्रपणे दुबाशी करू लागले आणि विशी ओलांडली तोवर सधन झाले. सलिव्हन या इंग्रज घराण्याच्या पदरी त्यांनी दुबाश म्हणून काम केले आणि तेथूनच महसुलाच्या मोठ्या व्यवहारांत त्यांचा शिरकाव झाला. कूवम नदीकाठी कोमळेश्वरन्‌पेट येथे त्यांचे घर होते. पहाटे कूवममध्ये स्नान करून ते कोमळेश्वराच्या दर्शनास जात, असे सांगितले जाते. आजची कूवम ज्याने पाहिली आहे त्याला ही कथा नदीचाच एक पुरावा म्हणून ऐकावी लागते.

पच्चैयप्पांच्या संपत्तीचा उगम कोठला, हा प्रश्न त्यांच्या स्तुतिपर चरित्रांत सहसा विचारला जात नाही. तो विचारल्याशिवाय पुढची कथा मात्र अपुरी राहते. कर्नाटकचा नवाब महंमद अली हा कंपनीच्या नोकरांकडून आणि मद्रासच्या सावकारांकडून भरमसाट व्याजाने कर्ज काढी, आणि फेडीसाठी प्रांतोप्रांतीच्या महसुलावर तनखे लिहून देई. १७७३ मध्ये त्याने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले, ते मुख्यतः या कर्जांच्या पायी. १७७६ मध्ये गव्हर्नर पिगट यांनी तुळजाराजांस पुन्हा गादीवर बसविले. पण मधल्या काळात तंजावरच्या पिकांवर आपले तनखे आहेत म्हणून धनको पुढे आले आणि त्या वादात खुद्द पिगट यांनाच त्यांच्या सहकाऱ्यांनी अटक केली. कैदेत असतानाच १७७७ मध्ये ते वारले. एडमंड बर्क यांनी १७८५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये अर्काटच्या नवाबाच्या कर्जांवर जे गाजलेले भाषण केले त्याची पार्श्वभूमी हीच. पुनःस्थापित राजाला फौजेच्या खर्चापोटी कंपनीस दरसाल मोठी रक्कम भरावी लागे. हप्त्याची तारीख येई तेव्हा खजिन्यात पैसा नसे. मग सावकार पुढे होऊन हप्त्याची हमी घेई आणि त्या बदल्यात उभ्या पिकावर हक्क मिळवी. १७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीने कावेरीचा हा सुपीक प्रदेश उजाड केला, कालवे मोडले, माणसे परागंदा झाली. हप्ते मात्र चालूच राहिले.

या व्यवस्थेत पच्चैयप्पा १७८० नंतरच्या दशकात तंजावरास पोहोचले आणि दरबाराशी देवघेव करणारे मोठे सावकार बनले. ते इतरांहून अधिक निष्ठुर होते असे म्हणण्यास आधार नाही. उलट त्यांचा सचोटीबद्दल लौकिक होता. तथापि व्यवस्था जी होती ती होती. त्यांच्या तिजोरीत साठलेल्या होनांत कावेरीकाठच्या कुळांचे भात होते, हे मान्य करावे लागते. पन्नास वर्षांनी मद्रासच्या गरीब मुलांना जी विद्या विनाशुल्क मिळाली तिची फी, या अर्थाने, तंजावरच्या रयतेने आगाऊ भरलेली होती. त्या रयतेची मुले ब्लॅक टाउनमधल्या शाळेत कधी आली असतील असे वाटत नाही.

याच काळी आणि याच तंजावरात शिक्षणाच्या खर्चाचा आणखी एक प्रयोग चालू होता. तेथील रेसिडेंट जॉन सलिव्हन यांनी मिशनरी श्वार्ट्झ यांच्या साहाय्याने १७८५ च्या सुमारास तंजावर, रामनाड आणि शिवगंगा येथे इंग्रजी शाळा काढण्याची योजना आखली. देशी राजांनी तिला हातभार लावावा अशी कल्पना होती, आणि कंपनीच्या संचालकांनीही अनुदान मंजूर केले. भारतात देशी मुलांच्या इंग्रजी शिक्षणासाठी कंपनीने दिलेल्या पहिल्या अनुदानांपैकी हे एक होय. दुबाशांची एकाधिकार विद्या शाळेत उघडपणे शिकविली जाण्याची ही सुरुवात होती. पच्चैयप्पांना या शाळांविषयी काय वाटले असेल, याची कल्पना करण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

शिवाय तंजावरला छत्रांची जुनी परंपरा होती. भोसले राजांनी आणि त्यांच्या राण्यांनी रामेश्वराच्या वाटेवर बांधलेली ही अन्नछत्रे केवळ यात्रेकरूंसाठी नव्हती. सरफोजी महाराजांनी १८०२ च्या सुमारास ओरत्तनाडू येथे उभारलेल्या मुक्तांबाळ छत्रात विद्यार्थ्यांच्या जेवणाची, राहण्याची आणि अध्यापकांच्या वेतनाची व्यवस्था होती; आजारी पडलेल्याला औषधही मिळे. शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ गुरूची दक्षिणा नसून शिकणाऱ्याचे रोजचे दोन वेळचे अन्न आहे, हे या परंपरेने अचूक ओळखले होते. जमिनीचे उत्पन्न छत्राला लावून दिलेले असे आणि विद्यार्थी थेट पंगतीला बसे. सर टॉमस मन्रो यांच्या आज्ञेने १८२२ पासून मद्रास इलाख्यातील देशी शाळांची जी पाहणी झाली तिच्यात १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी मोजले गेले. बेल्लारीचे कलेक्टर कॅम्पबेल यांनी त्याच निमित्ताने दिलेल्या अहवालात शाळा ओस पडण्याची कारणे लिहिली आहेत: लोक दरिद्री झाले, मुलांना कामाला जुंपावे लागू लागले, आणि पूर्वीच्या राजवटींचा आश्रय नव्या सरकारने चालू ठेवला नाही. कंपनीच्याच अधिकाऱ्याने कंपनीच्या कारभारावर ठेवलेला हा ठपका आजही वाचण्याजोगा आहे.

१७८७ मध्ये तुळजाराजे वारले. दत्तक पुत्र सरफोजी अल्पवयीन असल्याने गादी अमरसिंगांकडे गेली, आणि श्वार्ट्झ यांच्या आग्रहावरून १७९३ मध्ये बाल सरफोजीस शिक्षणासाठी मद्रासला नेण्यात आले. तंजावरचा राजपुत्र मद्रासेत इंग्रजी आणि नवी शास्त्रे शिकत होता, त्याच सुमारास मद्रासचा हा धनाढ्य दुबाश तंजावरच्या मुलखात अखेरच्या आजाराने अंथरुणाला खिळला होता. एकाच रस्त्याने परस्परविरुद्ध दिशांनी गेलेली ही दोन माणसे. पुढे दोघांचीही नावे विद्येशी जोडली गेली. एकाचे स्वतःच्या व्यासंगाने, दुसऱ्याचे न्यायालयाच्या निवाड्याने.

पच्चैयप्पांना दोन पत्नी होत्या, परंतु पुत्र नव्हता. २२ मार्च १७९४ रोजी त्यांनी मृत्युपत्र केले आणि ३१ मार्च रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. हिंदू धर्मशास्त्राला मृत्युपत्र हा प्रकार मूळचा परिचित नाही. मद्रास, मुंबई, कलकत्ता येथील इंग्रजांशी व्यवहार करणाऱ्या लोकांनी तो उचलला. पच्चैयप्पांचे मृत्युपत्र हा या संक्रमणाचा एक प्रारंभीचा दस्तऐवज आहे. साधन इंग्रजी कायद्याचे, आशय मात्र पूर्णपणे पारंपरिक: शिव आणि विष्णूच्या देवस्थानांतील पूजा, उत्सव, अन्नदान. चिदंबरमच्या पूर्व गोपुराचा जीर्णोद्धार त्यांच्या विशेष आस्थेचा विषय होता. पुत्राने करावयाचे ते धर्मकृत्य आपल्या द्रव्याने करावे, ही निपुत्रिक माणसाची इच्छा त्यात स्पष्ट दिसते.

मृत्युपत्र झाले म्हणजे त्याप्रमाणे घडले असे नाही. वारसांत आणि आप्तांत भांडणे लागली, द्रव्य अनेक हातांतून फिरले, धर्मकृत्ये राहून गेली. प्रकरण न्यायालयात गेले आणि तेथे दशकानुदशके पडून राहिले. या दिरंगाईचा परिणाम चमत्कारिक झाला: मुद्दलावर व्याज चढत गेले. ॲडव्होकेट जनरल हर्बर्ट कॉम्प्टन आणि त्यांच्यानंतर जॉर्ज नॉर्टन यांनी हे द्रव्य सार्वजनिक धर्मादायाचे आहे असे धरून पाठपुरावा केला. अखेर सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे १८०१ मध्ये मद्रासेत स्थापन झालेल्या त्या काळच्या सुप्रीम कोर्टाने, देवस्थानांसाठी ठरावीक निधी राखून ठेवला आणि साठलेल्या शिल्लक द्रव्यातून शाळा चालवाव्यात अशी योजना मान्य केली. कारभार हिंदू विश्वस्तांकडे सोपविण्यात आला. ७०,००० सह्यांच्या अर्जामागे ज्यांची प्रेरणा होती तेच हे नॉर्टन. चार रुपये फीच्या सरकारी शाळेशी त्यांचा निकटचा संबंध होता आणि विनाशुल्क शाळेचेही ते एक शिल्पकार ठरले.

येथे तिसरा घटक ध्यानात घेतला पाहिजे. १८३७ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन अँडरसन यांनी मद्रासेत शाळा काढली होती. आजच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे ते मूळ. मिशनऱ्यांच्या शाळेत पैशाची अडचण कमी, पण धर्मांतराची भीती मोठी. आणि १८४१ मध्ये तेथील काही विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा शहरात खळबळ उडाली. म्हणजे मद्रासच्या हिंदू पालकापुढे १८४१ साली दोन दारे होती. एका दारात चार रुपये मागत, दुसऱ्या दारात पैसे मागत नसत पण मुलगाच गमावण्याची धास्ती वाटे. पच्चैयप्पांच्या पैशातून उघडलेले दार या दोहोंच्या मध्ये होते. ते लवकरच गजबजले यात नवल नाही. १८४६ मध्ये एस्प्लनेडवर शाळेसाठी नव्या सभागृहाचे बांधकाम सुरू झाले आणि १८५० मध्ये ते पुरे झाले. ही इमारत अथेन्सच्या प्राचीन मंदिराच्या धर्तीवर बांधलेली आहे; चिदंबरमच्या गोपुरासाठी तळमळणाऱ्या माणसाचे स्मारक ग्रीक खांबांवर उभे राहिले. कांचीपुरम आणि चिदंबरम येथेही न्यासाने शाळा काढल्या. मद्रासच्या संस्थेला १८८९ मध्ये महाविद्यालयाचा दर्जा मिळाला, आणि १९४० मध्ये महाविद्यालय चेटपेटच्या विस्तीर्ण आवारात गेले.

मराठी वाचकाला या हकीकतीत पुण्याच्या दक्षिणेची आठवण होईल. पेशवे श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटीत, तिच्या निधीतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे तीत इंग्रजी व मराठी यांचा शिरकाव झाला. १८५१ मध्ये तिचे पूना कॉलेज बनले आणि त्यातून डेक्कन कॉलेज. दक्षिणा फंडाचा काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा म्हणून १८४९ मध्ये लोकहितवादींच्या पिढीने केलेल्या अर्जावरून पुण्यात जे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे. रा. गो. भांडारकर आणि म. गो. रानडे या दोघांनाही तारुण्यात दक्षिणा फेलोची वृत्ती मिळाली होती. धर्माच्या नावाने ठेवलेला पैसा नव्या विद्येकडे वळविणे, हा उपाय मद्रासने आणि पुण्याने जवळजवळ एकाच वेळी योजला. फरक असा की, पुण्याचा निधी राजसत्तेचा होता आणि तो सरकारने आपल्या अधिकारात वळविला. मद्रासचा निधी एका खाजगी माणसाचा होता आणि तो वळविण्यास न्यायालय लागले. माझ्या मते या फरकाचे परिणाम दूरवर गेले आहेत. पुण्याची संस्था सरकारी झाली, तर मद्रासची संस्था विश्वस्तांच्या, म्हणजे शहरातील वजनदार व्यापारी जातींच्या, हाती राहिली.

मर्यादाही दोन्हीकडे सारखीच, जातीची. पुण्याच्या पाठशाळेत आरंभी केवळ ब्राह्मण; मद्रासेत केवळ हिंदू, आणि त्यातही अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना दीर्घकाळ दार बंद. पच्चैयप्पांचा पैसा हिंदूंच्या धर्मकृत्यांसाठी होता, सबब त्याचा लाभ हिंदूंनाच, असा विश्वस्तांचा युक्तिवाद असे. तो कायद्याला धरून असेलही. परंतु जो मुलगा देवळात जाऊ शकत नव्हता त्याला देवळाच्या शिल्लक पैशातून निघालेल्या शाळेतही जाता येऊ नये, हे त्या युक्तिवादाचे उघडे रूप होते. विनाशुल्क शाळेच्या दारातही एक फी होती आणि ती जन्माच्या नाण्यात भरावी लागे. ही अट पूर्णपणे जाऊन महाविद्यालय सर्वधर्मीयांना खुले झाले ते १९४७ मध्ये. त्याच वर्षी साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. विद्यार्थ्याने श्रम करावे आणि त्यावर शिकावे, हा तेथला मार्ग. तेथे मृत दात्याची आणि त्याच्या अटींची गरज उरली नाही. पण गरीब मुलानेच शिक्षणासाठी घाम गाळावा आणि श्रीमंताने गाळू नये, ही विषमता तेथेही शिल्लक राहिली असे कोणी म्हटल्यास त्यास उत्तर देणे सोपे नाही.

पच्चैयप्पा महाविद्यालयात पुढे कोण आले? श्रीनिवास रामानुजन् यांची कथा प्रसिद्ध आहे. कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात गणिताखेरीज इतर विषयांत नापास झाल्याने त्यांची शिष्यवृत्ती गेली. फी भरण्याची घरची ऐपत नव्हती. १९०५ मध्ये ते घर सोडून विशाखापट्टणला निघून गेले. १९०६ मध्ये त्यांनी पच्चैयप्पा महाविद्यालयात नाव घातले, तेथेही परीक्षेत ते उत्तीर्ण झाले नाहीत. विनाशुल्क शिक्षणाचे युग तोवर ओसरले होते, आणि विद्यापीठाच्या परीक्षापद्धतीपुढे धर्मादायाचे काही चालत नव्हते. दुसरे नाव सी. एन. अण्णादुरै यांचे. कांचीपुरमच्या विणकर घरातील हा मुलगा न्यासाच्या तेथील शाळेत शिकला. घरच्या ओढगस्तीमुळे मध्येच शिक्षण सोडून त्याला नगरपालिकेत कारकुनी करावी लागली. नंतर मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयात येऊन त्याने एम.ए.पर्यंत मजल मारली. तमिळ गद्याची आणि वक्तृत्वाची शैली बदलून टाकणारा हा लेखक १९६७ मध्ये राज्याचा मुख्यमंत्री झाला. याच महाविद्यालयात मु. वरदराजन् यांनी १९३९ पासून १९६१ पर्यंत तमिळ शिकविले. त्यांच्या ‘अगल विळक्कु’ या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९६१ मध्येच. आधुनिक तमिळ साहित्याच्या अभ्यासकाला या एका संस्थेच्या हजेरीपटाकडे वारंवार यावे लागते. जो वर्ग पूर्वी दुबाशाच्या ओसरीवरही पोहोचला नसता तो येथून लिहू लागला, ही गोष्ट साहित्याच्या इतिहासात नोंदविण्याजोगी आहे.

मधल्या काळात खर्चाचे गणित पुन्हा फिरले. १९८३ मध्ये महाराष्ट्रात आणि १९८४ मध्ये तमिळनाडूत विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, आणि देणगी या शब्दाचा अर्थच उलटा झाला. पूर्वी देणगी देणारा वेगळा आणि शिकणारा वेगळा असे. आता शिकणाऱ्याच्या बापालाच देणगीदार करण्यात आले. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरविली, त्याच वर्षी तमिळनाडूने ती बंद करणारा कायदा केला, आणि २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने खाजगी संस्थांना फी ठरविण्याची मोकळीक दिली, मात्र नफेखोरी आणि कॅपिटेशन फी यांना मनाई कायम ठेवली. अनुदानित महाविद्यालयांतही सकाळी अनुदानित वर्ग आणि दुपारी स्वयंअर्थसाहाय्यित वर्ग, अशी एका छताखाली दोन बाजारभाव असलेली व्यवस्था रूढ झाली. सरकारने उपाय केले नाहीत असे नाही. घराण्यात प्रथमच पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना तमिळनाडूत २०१० पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्काची सवलत मिळाली. सरकारी शाळेत शिकून महाविद्यालयात गेलेल्या मुलींना दरमहा १,००० रुपये देणारी पुदुमै पेण्ण् योजना २०२२ मध्ये आली. या दुसऱ्या योजनेत मला छत्राची जुनी दृष्टी पुन्हा दिसते. ती रक्कम संस्थेला न देता मुलीच्या हाती दिली जाते. तिच्या बसभाड्याचा आणि जेवणाचा विचार करते.

पच्चैयप्पांच्या न्यासाचे न्यायालयाशी असलेले जुने नाते मात्र संपलेले नाही. एकविसाव्या शतकातही त्याच्या कारभारावरून तंटे झाले आणि मद्रास उच्च न्यायालयाला प्रशासक नेमावे लागले. दरम्यान मृत्युपत्राच्या पहिल्या भागाचेही विस्मरण झालेले नाही. शाळा-महाविद्यालयांबरोबरच देवस्थानांतील पूजा आणि अन्नदानाची कर्तव्ये न्यासाच्या जबाबदारीत राहिली. पच्चैयप्पांनी स्वतः मागितले होते ते एवढेच. बाकीचे सारे व्याजातून झाले.